औषधे राहिली, वैद्य गेले

आयुर्वेदाची पदवी घेऊन फोंडा तालुक्यात नुकताच व्यवसाय सुरू केलेल्या एका तरुण वैद्याने मला तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. पोर्तुगिजांनी गोव्यातील वैद्यकपरंपरा मोडली असे त्यांनी घरी ऐकले, आणि युरोपीयांनी इथली वनौषधी इथल्याच वैद्यांकडून शिकून घेतली असे ते महाविद्यालयात शिकले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हा पहिला प्रश्न. एखाद्या उपायाविषयी वैद्य, हकीम आणि युरोपीय डॉक्टर या सर्वांचे एकमत असेल तर तो उपाय खात्रीचा मानावा का, हा दुसरा. तिसरा प्रश्न त्यांच्या घरच्या माळ्यावर सापडलेल्या औषधी पाठांच्या, म्हणजे औषधे करण्याच्या कृतींच्या, हस्तलिखित बाडाचा आहे. द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचे शास्त्र, शिकवताना आणि रुग्ण तपासताना हे प्रश्न माझ्याही समोर सतत राहिले आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिल्या प्रश्नातील दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. औषधी द्रव्य एका समाजातून दुसऱ्या समाजात फार लवकर जाते. धर्माचा, भाषेचा किंवा राज्याचा अडसर त्याला फारसा होत नाही. ते द्रव्य देणाऱ्या माणसाला मात्र होतो. गोव्यात सोळाव्या आणि सतराव्या शतकांत नेमके हेच घडले. कुड्याची साल, मिरी-जिरे घातलेली पेज आणि अशी कितीतरी औषधे पोर्तुगीज घरांत, रुग्णालयांत आणि ग्रंथांत गेली, आणि ज्यांच्या हातून ती गेली त्या वैद्यांच्या वाट्याला परवाने, बंधने आणि स्थलांतर आले.

अशी देवघेव पोर्तुगिजांपासून सुरू झालेली नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये सुश्रुतसंहितेचे अरबी भाषांतर झाले होते. ८५० च्या सुमारास अली इब्न रब्बान अत्-तबरी या वैद्याने लिहिलेल्या ‘फिर्दौस अल्-हिकमा’ या ग्रंथात भारतीय वैद्यकासाठी एक स्वतंत्र भाग आहे, आणि पुढे अल्-राझी चरकाचा नावानिशी उल्लेख करतो. त्याच बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक याने गॅलेन या प्राचीन वैद्याचे ग्रीक ग्रंथ भाषांतरित केले होते. या सगळ्याच्या पायावर इब्न सीना या वैद्याचा ‘कानून’ हा वैद्यकग्रंथ उभा राहिला, बाराव्या शतकात तोलेदो येथे त्याचे लॅटिन भाषांतर झाले, आणि तो युरोपच्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला जात होता. त्यामुळे सोळाव्या शतकात गोव्यात उतरलेला पोर्तुगीज डॉक्टर आणि अहमदनगरच्या निजामशाही दरबारातला हकीम हे दोघे एकमेकांना अगदी परके नव्हते. दोघांचेही पाठ्यपुस्तक बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या एकाच वैद्याचे होते.

वैद्याचे तसे नव्हते. आपले वात, पित्त व कफ आणि ग्रीकांचे रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त यांत वरवर पाहता इतके साम्य दिसते की एक कल्पना दुसरीतून निघाली असे अनेक जण ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. आयुर्वेदात सर्वांत बलवान मानलेला वात ग्रीकांच्या चार द्रवांत नाही, आणि ग्रीकांनी अनेक मानसिक विकारांचे मूळ मानलेले काळे पित्त आपल्याकडे नाही. शरीरातील समतोल बिघडला की रोग होतो, एवढाच विचार दोघांचा सामाईक आहे, आणि तो चीनमध्येही आहे. नाडीपरीक्षेचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. दवाखान्यात पाऊल टाकताच रुग्ण न सांगता हात पुढे करतो, कारण नाडी पाहणे म्हणजेच आयुर्वेद अशी समजूत आहे. परंतु चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षा नाही, ती पुष्कळ नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेपासून स्पष्टपणे दिसू लागते. त्याच्या कितीतरी आधी गॅलेनने नाडीवर विस्ताराने लिहिले होते आणि चीनमध्ये तिसऱ्या शतकात वांग शुहे याने नाडीवर स्वतंत्र ग्रंथ रचला होता. जे आपण अगदी मूळचे समजतो ते कधी कधी नंतर आलेले असते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता गोव्याकडे येतो. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्क याने शहर जिंकल्यानंतर आजारी सैनिकांसाठी राजाच्या नावाने रुग्णालय सुरू झाले. १६०८ मध्ये तेथे रुग्ण म्हणून दाखल झालेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने त्या रुग्णालयाची, तिथल्या स्वच्छतेची आणि सेवेची अतिशय स्तुती केली आहे. पण गोव्याचे वैद्यकाच्या जागतिक इतिहासातील स्थान ज्या माणसामुळे आहे तो गार्सिया द ओर्ता. पोर्तुगालमधील काश्तेलु द व्हीद येथे, सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागलेल्या ज्यू कुटुंबात तो जन्मला, सालामांका आणि अल्काला येथे शिकला, आणि १५३४ मध्ये मार्तिम आफोंसो द सोझाच्या आरमाराबरोबर गोव्यात आला. १५६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो इथेच राहिला. बुऱ्हाण निजामशाहाशी त्याचा निकटचा संबंध होता आणि त्याच्या दरबारातील हकिमांशी त्याच्या चर्चा होत. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेला त्याचा ग्रंथ भारतातील वनौषधी आणि औषधी द्रव्ये यांवर आहे, आणि तो संवादांच्या रूपात आहे. नुकताच स्पेनहून आलेला रुआनो नावाचा कल्पित डॉक्टर पुस्तकी ज्ञानाच्या आधारे प्रश्न विचारतो, आणि ओर्ता स्वतः पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे उत्तरे देतो. डायोस्कोरिडीझ आणि गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्यांच्या नावांनी मला घाबरवू नका, मी फक्त मला खरे ठाऊक आहे तेच सांगणार आहे, अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. युरोपमध्ये त्या काळी असे लिहिणे धाडसाचे होते.

या संवादांत मध्येच मालुपा नावाचा एक स्थानिक वैद्य येतो, आणि ओर्ताने हाक मारताच झाडाची फांदी किंवा फळ घेऊन येणारी आंतोनिया ही दासीही येते. ओर्ता स्वतः कबूल करतो की तो आधी आपल्या ग्रंथांतील उपचार करून पाहतो आणि ते लागू पडले नाहीत की इथल्या वैद्यांचे करतो. तो वैद्यांवर टीकाही करतो: त्यांना शरीररचना माहीत नाही, यकृत कुठे आणि प्लीहा कुठे हेही सांगता येत नाही. ही टीका आपल्याला बोचते, पण ती नाकारता येत नाही. सुश्रुताने मृतदेह पाण्यात ठेवून, त्याचे थर मोकळे करून पाहण्याची पद्धत सांगितली आहे खरी, परंतु सोळाव्या शतकापर्यंत वैद्यांमध्ये ती राहिली नव्हती, आणि नेमक्या त्याच काळात, १५४३ मध्ये, वेसालियसचा शरीररचनेवरील सचित्र ग्रंथ युरोपात प्रसिद्ध झाला होता.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ओर्ताच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पमध्ये प्रसिद्ध केला, आणि तोच युरोपभर वाचला गेला. संक्षेप करताना त्याने संवाद काढून टाकले आणि प्रत्येक द्रव्याची माहिती सरळ निवेदनात मांडली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते सोयीचे होते. पण संवादाबरोबर मालुपाही गेला आणि आंतोनियाही गेली. वेलदोडा, हिंग, कापूर, भांग यांचे गुणधर्म युरोपला कळले, ते कोणी सांगितले हे कळण्याची वाट मात्र बंद झाली. परंपरा मोडण्याची जी प्रक्रिया आपण फक्त धर्मछळात शोधतो, तिचा एक भाग अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या संपादनातही आहे, असे माझे मत आहे.

ओर्ताने नोंदवलेल्या उपायांपैकी दोन रोगांचे उपाय मी विस्ताराने घेतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यातच आहे.

पहिला रोग पटकीचा, ज्याला जुनी माणसे मोडशी म्हणत आणि पोर्तुगिजांनीही तेच नाव थोडे बदलून उचलले. १५४३ मध्ये गोव्यात या रोगाची भयंकर साथ आली. गास्पार कोरैया या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की मृतांसाठी वाजणाऱ्या चर्चच्या घंटा लोकांना धीर राहावा म्हणून बंद ठेवाव्या लागल्या, आणि रोगाचे कारण कळावे म्हणून गव्हर्नरच्या आज्ञेने एका मृताचे शरीर उघडून पाहण्यात आले. ओर्ताने आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे: नाडी क्षीण, अंग गार पण आत दाह, अतिशय तहान, डोळे खोल गेलेले, पायांत पेटके. आज वाचतानाही निदानाविषयी शंका राहत नाही. इथले वैद्य काय करत, हेही तो सांगतो. ते मिरी आणि जिरे घालून तांदळाची पेज पाजत, आणि पायाला तापलेल्या लोखंडाचा डाग देत. त्यानंतर शंभर वर्षांनी गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, कैदेत पडलेल्या दलों या फ्रेंच डॉक्टरानेही याच रोगासाठी टाचेला डाग देण्याचा उपाय मोठ्या विश्वासाने लिहिला आहे.

आता या दोन उपायांकडे आजच्या ज्ञानाने पाहू. पटकीत माणूस दगावतो तो शरीरातील पाणी आणि क्षार भराभर निघून गेल्यामुळे. आतड्यात साखर किंवा पिष्टापासून सुटणारी साखर असेल तर तिच्याबरोबर मीठ आणि पाणी रक्तात शोषले जाते, ही क्रिया पटकीतही शाबूत राहते, आणि आजच्या जलसंजीवनीचा सारा आधार हाच आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने देण्याची पद्धत वापरली, तेव्हा तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे तांदळाच्या पिठापासून केलेली जलसंजीवनीही पटकीच्या रुग्णांसाठी चांगली ठरली. म्हणजे पेज पाजणारा वैद्य योग्य दिशेने जात होता. त्याच आजारात एकोणिसाव्या शतकातही युरोपात रक्त काढत असत आणि जुलाब देत असत, ज्यामुळे आधीच सुकलेला रुग्ण आणखी सुकत असे. पण त्याच वैद्याच्या हातातली तापलेली सळई निरर्थक होती. वाचलेला रुग्ण पेजेमुळे वाचला की डागामुळे, हे ओळखण्याचे साधन वैद्याकडे नव्हते, दलोंकडेही नव्हते. म्हणून दोन्ही उपाय एकत्रच पुढे चालत राहिले. गोव्यात आणि कोकणात काविळीसाठी डाग देण्याची प्रथा त्यानंतरही टिकून राहिली, आणि डागाची जखम चिघळलेले रुग्ण मी तपासले आहेत. यासाठी मी जुन्या उपायाचा प्रत्येक भाग सुटा करून पाहण्याचा आग्रह धरतो.

दुसरा रोग फिरंग, म्हणजे उपदंशाचा तो प्रकार ज्याला आज आपण सिफिलिस म्हणतो. १४९५ मध्ये नेपल्सच्या मोहिमेनंतर तो युरोपभर पसरला आणि काही वर्षांतच जहाजांबरोबर हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात भावमिश्राने फिरंग रोगाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि तो फिरंगी लोकांच्या संसर्गाने होतो असे स्पष्ट सांगितले. जुन्या संहितांत नसलेला रोग आपल्या ग्रंथकाराने निःसंकोच नवा म्हणून मांडला, ही आपल्या परंपरेची मला फार मोलाची वाटणारी गोष्ट आहे. त्यावरचे औषध म्हणून त्याने पाऱ्यापासून केलेला रसकर्पूर सांगितला आणि चोपचिनीही सांगितली. चोपचिनी चीनमधून येणारे मूळ. ओर्ताच्या म्हणण्याप्रमाणे ते १५३५ च्या सुमारास गोव्याला पोहोचले आणि इथून पश्चिमेकडे गेले. १५४६ मध्ये खुद्द वेसालियसने चोपचिनीच्या काढ्यावर एक पत्रग्रंथ प्रसिद्ध केला, कारण सम्राट पाचवा चार्ल्स तो काढा घेत होता. रोग पश्चिमेचा, औषध पूर्वेचे, बाजारपेठ गोव्याची, आणि अवघ्या काही दशकांत दोन्हींना संस्कृत ग्रंथात जागा मिळाली. संस्कृतींमधील देवघेव याहून वेगाने झाल्याचे उदाहरण मला माहीत नाही.

परंतु इथेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे द्यावे लागते. चिनी वैद्य, भारतीय वैद्य, हकीम आणि युरोपचे सर्वांत मोठे डॉक्टर या सर्वांचे चोपचिनीविषयी एकमत होते, आणि चोपचिनीने हा रोग बरा होत नाही. एकमत झाले त्याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. या रोगाचा पहिला व्रण काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, नंतर अंगावर उठलेले चट्टेही आपोआप जातात, आणि मग रोग वर्षानुवर्षे आत दबून राहून हृदय, हाडे व मेंदू पोखरतो. चट्टे जाण्याच्या सुमारास जे औषध चालू असेल त्याला यश मिळते, मग ते कोणत्याही संस्कृतीचे असो. पाऱ्याचा काही परिणाम होत असे, पण दात पडणे, लाळ गळणे, मूत्रपिंड निकामी होणे अशी त्याची जबर किंमत रुग्णाला मोजावी लागे. खरा इलाज १९१० मधील साल्वर्सान आणि १९४३ पासून पेनिसिलिन यांनी दिला. चार संस्कृतींच्या वैद्यांना एकाच रोगाने एकाच रीतीने फसवले, आणि त्यांच्या एकमताला चार वेगळे पुरावे समजण्याची चूक आपण टाळली पाहिजे.

याउलट, एकमत नसतानाही खरे ठरलेले द्रव्य म्हणजे कुडा. चरक आणि सुश्रुत यांनी कुटज अतिसारावर सांगितला, मलबारात आणि गोव्यात तो रक्ती आवेवर वापरला जात होता, आणि ओर्ताने त्यावर एक संवाद लिहिला. पुढे त्याच्या सालीतील कोनेसिन या द्रव्याचा आमांशाच्या अमीबावर परिणाम होतो असे दिसून आले. तरी युरोपमध्ये ही साल कधी फार मान्य, कधी टाकाऊ समजली जाई, आणि त्याचे एक कारण व्यवहारी होते: पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल बाजारात येत असे. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाला सुट्या असतात आणि बी, म्हणजे इंद्रजव, कडू असते. काळ्या कुड्याच्या शेंगा टोकाला जुळलेल्या असतात आणि बी कडू नसते. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या रानात झाडपाल्याचे औषध देणाऱ्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. बंदरावर पोती घेणाऱ्या व्यापाऱ्याला तो ठाऊक नव्हता. औषध गेले पण ओळखणारा माणूस बरोबर गेला नाही, तर काय होते हे यातून दिसते.

आता त्या माणसाकडे वळतो. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. चर्चच्या धर्मपरिषदांनी ख्रिस्ती रुग्णांनी हिंदू वैद्यांना बोलावू नये असे वारंवार बजावले. प्रत्यक्षात काय घडत होते हे आर्चबिशपच्या पदरी १५८३ पासून नोकरीस असलेल्या लिन्स्कोटेन या डच माणसाने लिहून ठेवले आहे: व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतील साधूसुद्धा स्वतःच्या देशबांधवांपेक्षा या वैद्यांवर अधिक विश्वास ठेवतात, आणि वैद्यांना पैसा आणि मानही भरपूर मिळतो. शब्दाने बंदी आणि आजारपणात बोलावणे, असा हा दुहेरी व्यवहार होता. १६१८ मध्ये गोव्याच्या नगरपालिकेने मुख्य वैद्याधिकाऱ्याची परीक्षा दिल्याशिवाय कोणी व्यवसाय करू नये असा नियम केला आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसवर मर्यादित केली. त्यांना पूर्ण हद्दपार करणे शहराला परवडणारे नव्हते, म्हणून त्यांना मोजून ठेवले गेले. परीक्षा घेणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्याला त्या वैद्याचे शास्त्र ठाऊक नाही अशा अधिकाऱ्याने ती घ्यावी यात ज्ञानापेक्षा सत्तेचा भाग अधिक होता.

स्वतः ओर्ताचीही सुटका झाली नाही. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ मध्ये त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून जाळण्यात आली. पणजीच्या मध्यभागी चर्च चौकाजवळच्या उद्यानाला त्याचे नाव आहे. तिथून रोज जाणाऱ्या माणसांना हा भाग ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते, कारण गोव्यात वैद्यकाचा छळ फक्त हिंदू वैद्यांचा झाला असे समजणे अपुरे आहे.

ज्यांना शक्य झाले ते निघून गेले. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आली, तशीच कुटुंबेही आली, आणि कित्येक कुटुंबे समुद्रमार्गे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली. कोचीला गेलेल्यांच्या वंशजांपैकी रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन वैद्य शंभर वर्षांनी पुन्हा इतिहासात दिसतात. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर जो ग्रंथ तयार करवला, त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये निघाले. त्याच्या पहिल्या खंडात या तिघांचे १६७५ चे नागरी लिपीतील कोकणी प्रतिज्ञापत्र जसेच्या तसे छापले आहे. शेजारी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचेही आहे. रोज झाडे तपासून, निघंटूचा, म्हणजे वनौषधींच्या कोशाचा, आधार घेऊन माहिती कशी दिली हे त्यात लिहिले आहे. मालुपाचे फक्त नाव राहिले. या तिघांचे अक्षर राहिले. पोर्तुगीज वाईट आणि डच चांगले असा याचा अर्थ नाही, कारण व्हान रेडेला हा ग्रंथ डच ईस्ट इंडिया कंपनीचा औषधांवरचा खर्च कमी करण्यासाठीही हवा होता. पण माहिती देणाऱ्याची सही घ्यावी ही गोष्ट त्याला सुचली, आणि गोव्यातून परागंदा झालेल्या विद्येचा पुरावा त्यामुळे टिकला.

देवघेवीचा उलटा प्रवाहही होताच. जुन्या गोव्यात गास्पार आंतोनियो या इटालियन जेझुइट बंधूने सतराव्या शतकात कस्तुरी, अंबर, माती वगैरे मिसळून गोळे बनवले, जे विषावर आणि तापावर उतारा म्हणून युरोपात प्रचंड किमतीला विकले जात. त्यांच्या सोन्याच्या जाळीदार डब्या आज पाश्चात्त्य संग्रहालयांत आहेत, औषध म्हणून मात्र त्या गोळ्यांचा काही उपयोग नव्हता. त्यापेक्षा महत्त्वाची आहे ती मुंबईच्या बाजारात नायट्यावर विकली जाणारी ‘गोवा पावडर’. ती मुळात ब्राझीलमधील एका वृक्षाची भुकटी होती आणि पोर्तुगीज व्यापाराबरोबर गोव्यात आली होती, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघड झाले. तिच्यातील द्रव्याच्या धर्तीवर १९१६ मध्ये तयार झालेले डिथ्रॅनॉल सोरायसिसवर आजही वापरले जाते.

एकोणिसाव्या शतकाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग बहुतेकांना माहीत आहे. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय-शल्य विद्यालय स्थापन झाले, आशियातील अशा सर्वांत जुन्या संस्थांपैकी ते एक. आजचे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय त्याचाच वारसा चालवते. तिथे आयुर्वेदाला स्थान नव्हते. दोन्ही विद्यांकडे एकाच डोळ्याने पाहणारा माणूस गोव्याच्या मातीत जन्मला, पण त्याचे काम मुंबईत झाले. पेडण्यातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड हे १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले, संस्कृत ग्रंथांचा त्यांनी अभ्यास केला, आणि महारोगावर कडू कवठाच्या तेलाचे प्रयोग केले. त्याच जातीच्या तेलापासून १९१५ मध्ये हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने टोचता येईल असे औषध तयार केले, आणि १९४० च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत जगभर तेच वापरले गेले. तेल अर्धवट गुणकारी होते. पण जुन्या द्रव्याला नव्या कसोटीवर लावण्याची भाऊ दाजींची रीत आजही मला आपल्या विद्यार्थ्यांना दाखवाविशी वाटते.

आता तुमच्या बाडाविषयी. लिपी मोडी आहे की गोयकानडी ही गोव्यातील जुनी लिपी आहे हे आधी जाणकाराकडून ठरवून घ्या, आणि तोवर पानांचा क्रम बदलू नका, कारण पाठाचा अर्धा भाग मागच्या पानावर असतो. पाने प्लास्टिकमध्ये बंद करू नका. प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या. बाड कोणाचे, त्या घरात वैद्यकी कोण करत असे, रुग्ण कोणत्या गावांहून येत, सुईणीचे काम घरातील कोणी बाई करत होती का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्या नावानिशी लगेच लिहून ठेवा. मापे बहुधा गुंज, मासा, तोळा यांत असतील: आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. झाडाचे नाव वाचले म्हणजे झाड कळले असे मानू नका. कुड्याचे उदाहरण वर दिलेच आहे. त्या गावातील जाणत्या माणसाबरोबर जाऊन, फुला-फळांच्या हंगामात फांदी वाळवून ठेवा आणि वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या.

बाडात पारा, रसकर्पूर, हरताळ, बचनाग किंवा जमालगोटा अशी विषारी द्रव्ये असलेले पाठ निघतील. अशा द्रव्यांचे शोधन, म्हणजे त्यांचा विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया, कसे करायचे हे लिहिणाऱ्याने पुष्कळदा लिहिलेलेच नसते, कारण ते शिष्याला समोर बसवून शिकवले जाई. कागदावर उरलेला पाठ त्यामुळे अपुरा असतो आणि अपुरा असल्यामुळेच घातक असतो. असे पाठ अक्षरशः नकलून ठेवा, पण त्यावरून कोणालाही औषध देऊ नका.